नळामागचा खजिना

साडू जेवता जेवता सहज बोलून गेला, “हे तुझ्यासारख्याचं काम नाही,” आणि विमा कचेरीतल्या हेडक्लार्कने तिथल्या तिथे ठरवलं की येत्या रविवारी आपण खजिना शोधायचाच.

खेळ फोनवरचा होता. कुणीतरी गावात एक डबा लपवतं आणि फोनवर कोडं घालतं. कोडं सुटलं की जागा कळते. तिथे जायचं, डब्यातल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवायचा. अट एवढीच, की बाहेरच्या कुणाला पत्ता लागता कामा नये.

हेडक्लार्कने निवडलेलं कोडं जुन्या गिरणी कामगारांच्या वस्तीतलं होतं. गिरणी कधीच गेली होती, पण बैठ्या घरांची एक रांग सरकारने जपून ठेवली होती आणि तिथे आता तिकीट काढून लोक चुली बघायला येत. त्याने कोडं मोठ्याने वाचलं, “माझ्या हाकेनं सारी वस्ती उठायची. आज मी गप्प. माझ्या पायाशी शोध.”

“घंटा!” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

“अगं, मी एवढं मन लावून वाचतोय आणि तू घंटा काय म्हणतेस? शेजारी ऐकतील!”

“अहो, घंटा म्हणजे गिरणीची...”

“पुरे!” तो दुखावला होता. शिवाय त्याला उत्तर सुचलंही होतं. वस्ती पहाटे कशाने उठते? पाण्याने! म्हणजे नळ. (कचेरीतही त्याचे निष्कर्ष असेच झटपट निघत. ते निस्तरायला वेगळा माणूस होता.)

रविवारी बायकोला कोपऱ्यावरच्या बाकावर बसवून तो रांगेच्या टोकाला गेला. शेवटच्या घरामागे खरोखरच नळ होता. त्याने उकिडवं बसून पाइपमागे हात घातला, तोच मागचं दार उघडलं. त्या एका घरात एका गिरणी कामगाराची म्हातारी बायको अजूनही राहत होती, हे फोनवर कुणी लिहिलं नव्हतं.

“आलात एकदाचे!” आजी म्हणाल्या. “प्लंबर ना?”

खरं सांगावं तर अट मोडते. न सांगावं तर माणूस परक्याच्या मागच्या दारी काय करतोय?

“हो,” हेडक्लार्क म्हणाला. (लग्नातल्या होकारानंतर इतका बिनविचाराचा होकार त्याने दिला नव्हता.)

आजींनी हातात पाना ठेवला. “थेंब थेंब गळतोय मेला. जरा आवळा.”

त्याने आवळला. आवळायचं कोणत्या बाजूला, एवढाच काय तो प्रश्न होता. नळ अख्खाच्या अख्खा त्याच्या हातात आला आणि मागोमाग पाण्याचा फवारा थेट तोंडावर बसला.

“अहो, गळणं परवडलं!” आजी ओरडल्या.

त्याने भोकावर तळवा दाबला, तर पाणी बोटांतून चहूकडे उडालं. तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका घेऊन वस्ती दाखवणाऱ्या बाई बोळात आल्या. क्षणभर त्या गांगरल्या, मग हसून म्हणाल्या, “आणि इथं पाण्यासाठी कशी धडपड चालायची, त्याचं हे प्रात्यक्षिक!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फटाफट फोटो निघाले. एकाने तर त्याला जरा उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. त्याने केलंही.

एकाएकी पाणी थांबलं. बोळाच्या तोंडाशी बायको उभी होती. तिने सरळ रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद केला होता.

“बसल्या बसल्या समोर घंटेचा खांब दिसत होता,” ती म्हणाली. “पायाशी वीट सैल होती. डबा आत. नाव लिहून ठेवून आले.”

“माझंही लिहिलंस?”

“ज्याला सापडतो त्यानं लिहायचं असतं ना?”

तिने आजींची माफी मागितली, ओळखीच्या खऱ्या प्लंबरला फोन लावला आणि तो येईपर्यंत आजींचं अंगण खराट्याने झाडून काढायला नवऱ्याला जुंपलं. घरी जाताना तो सर्दीने शिंकत होता. तरी मनातून जरासा सुखावलाही होता. टाळ्या काही साडूला पडल्या नव्हत्या.

महिन्याभराने साडूचा फोन आला. आवाज भलताच गोड होता.

“अरे, त्या वस्तीत नवं चित्रदालन उघडलंय. दारातच तुझा फोटो! एवढा मोठा!”

“हो?” हेडक्लार्कने खुर्चीत ताठ बसत विचारलं. “खाली काही लिहिलंय का?”

“लिहिलंय ना,” साडू म्हणाला. “‘अकुशल कामगार.’”