मोठ्या जाऊबाईंच्या गाडीला आलेलं बोलावणं

माझ्या नोंदी चुकत नाहीत! प्रयोगशाळेत मी तिसऱ्या दशांशापर्यंत वजन करते, आणि घरी गाडीच्या चासी नंबरची सतराच्या सतरा अक्षरं मला तोंडपाठ आहेत. पण रविवारी मोठ्या जाऊबाईंनी ते पत्र फडकावलं, तेव्हा माझ्या पोटातल्या आम्लाची मात्रा एकदम वाढली.

"कंपनीने माझी गाडी परत बोलावलीय," त्या म्हणाल्या. "ब्रेकची नळी फुकट बदलून देणार. तोवर वापरायला दुसरी गाडी! असली पत्रं सगळ्यांना नाही हं येत."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला विकली. नवं ते त्यांचं, जुनं ते माझं, हे ठरलेलंच. पण आता दोषसुद्धा त्यांच्याच गाडीत निघावा?

"आपल्याला का नाही आलं पत्र?" मी नवऱ्याला विचारलं.

"अगं, दोष नाही हे बरंच की!"

"तुम्हाला नाही कळायचं."

सोमवारी रजा टाकून मी थेट कंपनीचं वर्कशॉप गाठलं. वाटेत उतारावर ब्रेकचं पेडल जरा खोल गेलं, पण माझं सगळं लक्ष भाषणाच्या तयारीत होतं.

"माझ्या गाडीतही दोष असलाच पाहिजे!" मी मेकॅनिकला ठणकावलं.

"मॅडम, लोक उलटं भांडतात," तो म्हणाला. "चासी नंबर सांगा. आम्ही त्यावरूनच शोधतो."

मी धडाधड सतरा अक्षरं म्हटली. त्याने ती टाइप केली आणि ताठ बसला.

"तुमचीच गाडी बोलावलीय की! पत्र पाठवून तीन आठवडे झाले."

"कुणाला?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोठ्या जाऊबाईंचं नाव!

"अहो, गाडी कधीच आमच्या नावावर झालीय!"

"सरकारी कागदावर झाली असेल. कंपनीला कळवलंत?"

माझ्या फाइलीत 'कंपनीला कळवणे' अशी ओळ आहे. तिच्यासमोर पेन्सिलने, सुवाच्य अक्षरात लिहिलंय: उद्या.

गाडी वर उचलली. ब्रेकच्या नळीतून तेल टपकत होतं. सवयीने मी थेंब मोजले. मिनिटाला अकरा.

"इथपर्यंत आणलीत कशी?"

"रागाने," मी म्हटलं आणि स्टुलावर बसले.

जाऊबाईंना फोन केला. "वहिनी, ते बोलावणं माझ्या गाडीला आहे."

पलीकडून लगेच आवाज आला, "तरीच! म्हटलं, माझ्या गाडीत दोष निघेलच कसा?"

बदली गाडी पत्र दाखवल्यावरच मिळणार होती. जाऊबाई मला न्यायला तातडीने आल्या. पत्र मात्र त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेलंच राहिलं.

"सीटबेल्ट लाव हं," त्या म्हणाल्या.

घरी पोहोचेपर्यंत त्यांनी रस्ता मोकळा असतानाही सात वेळा ब्रेक दाबला. आणि सातही वेळा गाडी जागच्या जागी थांबली!