बगदादच्या सैतानाचे चार मिनार

मनोहरकाका बिलोलीकर पडत असत.

पडत असत म्हणजे तोल जाऊन नव्हे. ठरवून, सवडीने, आणि समोर निदान एक तरी माणूस बघत असला तरच. काचीगुडा स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहत. मी पुण्याहून इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी हे गृहस्थ फाटकाशी उभे होते. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, हातात दुधाची पिशवी.

"नवीन आलात? जरा ही धरा," म्हणाले.

मी पिशवी धरली. त्यांनी चष्मा काढून तोही माझ्या हातात दिला, दोन्ही हात पसरले आणि फरशीवर उताणे पडले. 'धाड' असा आवाज झाला. मी ओरडलो. तळमजल्याची खिडकी उघडली आणि काकूंनी डोकं बाहेर काढलं.

"घाबरू नका हो. ते ओळख करून देतायत."

काका पडल्या पडल्याच समजावून सांगू लागले. "आवाज ऐकलात? तो तळहातांचा आहे. पाठीचा नाही. हनुवटी छातीला लावली की डोकं जमिनीला लागतच नाही. कळलं का मास्तर?" पुस्तकांच्या आसपास वावरणाऱ्या कोणालाही ते मास्तर म्हणत.

काकांना जाऊन आता काही महिने झाले. ते झोपेत गेले, पडून नव्हे, हे काकू भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतात.

तरुणपणी काका वीज खात्यात कारकून होते, आणि संध्याकाळी हरत असत. थंडीच्या दिवसांत मैदानात तंबू ठोकून 'फ्री स्टाइल' कुस्त्या व्हायच्या. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. लोकांनाही ते माहीत असे आणि तरी ते घसा फुटेस्तोवर ओरडत. जिंकायला एक देशी वाघ लागे आणि हरायला एक परदेशी राक्षस. परदेशातून राक्षस आणणं खेळाच्या ठेकेदाराला परवडत नसे. म्हणून काका. वडिलांना कळू नये यासाठी त्यांना तोंडावर नकाब हवाच होता, आणि राक्षसालाही तो शोभे. एका आठवड्यात ते रशियाचं अस्वल, तर दुसऱ्या आठवड्यात बगदादचा सैतान. सैतानच जास्त चालला.

एकदा तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाने त्यांना चपलांवरून ओळखलं. "अरे, ये तो बिजली ऑफिसवाले साब! साब, मेरा मीटर कब लगाते?" काकांनी भूमिका न सोडता त्याच्याकडे बघून डरकाळी फोडली. दुसऱ्या दिवशी मीटर मात्र बसवून दिलं.

काकूंना हे सगळं लग्नानंतर कळलं. "आमच्या दादांनी सांगितलं, मुलगा सरकारी नोकरीत आहे, निर्व्यसनी आहे. बगदादचं कोणी बोललंच नाही."

देशी वाघ होता यादगिरी. सहा फुटांवर उंची, बेगम बाजारात दिवसा मिरच्यांची पोती उचलायचा, आणि तंबूत 'शेर-ए-दख्खन' व्हायचा. त्याचा शेवटचा डाव म्हणजे चारमिनार. हा डाव पडला की खेळ संपला, लोकांनी टोप्या उडवल्या. यादगिरी सैतानाला उचलून स्वतःच्या दोन्ही खांद्यांवर आडवा, उताणा टाकी. सैतानाचे दोन हात आणि दोन पाय आभाळाकडे ताठ. म्हणून चारमिनार. मग तो त्याला असा भिरकावी की सैतान हवेत एक गिरकी घेऊन पाठीवर सपाट आपटे.

डाव यादगिरीच्या नावावर होता, आणि काकांचं उभं आयुष्य त्या नावाशी भांडण्यात गेलं.

"मिनार कोणाचे?" ते विचारीत. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, गणपतीच्या वर्गणीला आलेल्या मंडळींना. "चार मिनार कोणाचे? माझे! हे दोन, आणि हे दोन. मग डाव कोणाचा?"

"हौ साब, तुमचाच," भाजीवाला म्हणे. "कोथिंबीर देऊ?"

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून प्रकरण हातघाईवर आलं की काका उठून मधोमध पडत. सभा तिथेच संपे. सचिव इतिवृत्तात 'आभार प्रदर्शन झाले' असं लिहीत.

मला एका गोष्टीचं नवल वाटे. डाव माझा, हे काका दिवसातून कितीदातरी सांगत. पण तो सुचला कसा, असं विचारलं की त्यांना एकदम चहा आठवे.

मग श्रावणी आली. दिवसा माधापूरला संगणकाच्या कंपनीत काम करणारी आणि रविवारी सुलतान बाजारामागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कुस्तीचे खेळ लावणारी ही मुलगी. तिचे पैलवान चमकदार चड्ड्या घालून, धूर सोडून, गाणी लावून येत. त्यांच्यातला एक जण चारमिनार करायचा. कुठून शिकलास म्हटलं तर म्हणे मामाकडून, आणि मामा कोणाकडून, ते मामाला माहीत नाही. श्रावणी शोधत शोधत काकांच्या दारात पोचली. काका अर्थातच पडले. ती टाळ्या वाजवून म्हणाली, "अंकल, हा डाव कोणी काढला ते आम्हाला स्टेजवर सगळ्यांसमोर सांगायचंय. तुम्ही याल ना?"

आठवडाभर काका हवेत होते. सदरा दोनदा इस्त्री झाला. आदल्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे भाषण म्हणून दाखवायला आले, आणि बाल्कनीत उभं राहून त्यांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"यादय्याचा, म्हणजे आपल्या यादगिरीचा, गुडघा गेला होता, मास्तर. पोत्यांनी. ठेकेदाराला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी वाघ बदलला असता. त्याच्या घरी दोन पोरी, म्हातारी आई. त्या संध्याकाळी त्यानं मला खांद्यावर घेतलं. तीन चकरा मारून हळूच खाली ठेवायचं ठरलं होतं. दुसऱ्या चकरेत माझ्या पाठीखाली त्याचा खांदा थरथरला. मला कळलं, हा आता बसणार. वाघ सैतानाच्या ओझ्याखाली बसला तर खेळ खलास. मग मीच उडालो. हातपाय वर झटकले, हवेत उलटलो आणि आपटलो. लोकांना वाटलं त्यानं फेकलं. तंबू डोक्यावर घेतला! ठेकेदार म्हणाला, रोज हेच होना, हेच पाहिजे. मग रोज मीच उडायचो. तो फक्त हात वर करायचा."

"हे तुम्ही कधीच कोणाला सांगितलं नाहीत?"

"गुडघ्याचं सांगायला लागलं असतं ना." ते खुर्चीत बसले. "आता हरकत नाही. तो केव्हाच करीमनगरकडे निघून गेला. आहे की नाही, ठाऊक नाही. मला इतकी नावं मिळाली मास्तर. अस्वल काय, सैतान काय. माझं नाव माइकवर कोणी पुकारलं नाही कधी. एकदा पुकारू द्या."

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत काका, त्यांच्या मागच्याच रांगेत मी आणि काकू. धूर सुटला, गाणं वाजलं, आणि श्रावणीने काकांना वर बोलावलं. मग ती म्हणाली, "आणि अंकलसाठी एक सरप्राइज!"

पडद्यामागून लेकीच्या हाताला धरून एक उंच, वाकलेला म्हातारा आला. दुसऱ्या हातात काठी. एक पाय टाकायचा की दोन क्षण थांबायचा. श्रावणीने त्याला करीमनगरहून शोधून आणलं होतं.

काका पाहत राहिले. काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

"तो बोलिए अंकल," श्रावणी माइक पुढे करत म्हणाली, "चारमिनार किसने बनाया?"

"बादशाह ने!" मागून कोणी तरी ओरडलं. हॉल हसला. काकाही हसले. त्यांनी एकदा लेकीच्या हाताकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि माइक घेतला.

"इनों बनाए," ते म्हणाले. "यादगिरी पैलवान. इनोंच उठाते थे, इनोंच फेंकते थे. और घुटने क्या थे साब! मंदिर के खंबे! अपन तो खाली गिरते थे."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. यादगिरीला शाल दिली, हार घातला. त्याची लेक डोळे पुसत मोबाइलवर बापाचे फोटो काढत होती. काका सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

मग दोघा म्हाताऱ्यांना आमच्या पुढच्याच खुर्च्यांवर आणून बसवलं. वर पोरांचा खेळ सुरू झाला. यादगिरीने हार काढून मांडीवर ठेवला. मग त्याने आपला मोठा थोरला पंजा काकांच्या पाठीवर, बरोबर मधोमध ठेवला.

"पीठ कैसी है रे, मनोहर?"

काका समोर बघत होते. वर कोणी तरी कोणाला तरी खांद्यावर घेतलं होतं.

"दुखती, यादय्या," ते म्हणाले. "सुबह उठता तो बहुत दुखती."

"मालूम," यादगिरी म्हणाला. हात त्याने काढला नाही.

काकूंनी माझा दंड सोडला आणि पदर सारखा केला.

"'पडू नका' एवढंच म्हणत आले हो मी," त्या हळूच म्हणाल्या. "हे विचारायचं मला सुचलंच नाही."