एक्क्याचा फ्लश

अनिताच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाला घालायची अंगठी रोह्याच्या सोनाराकडून पेणला पोचवायचं काम थोरल्या जावयावर, म्हणजे जितेशवर होतं. तो रोह्याजवळ वरसे गावात राहायचा, कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होता आणि कामात चोख होता. सकाळच्या गाडीने तो आणि त्याची बायको प्रणिता निघाले. अंगठीची डबी त्याच्या खिशात, हातात फोन, आणि फोनवर पोकर.

ॲपवर बंदी येण्याआधीचा तो उन्हाळा. जितेश सगळ्यात लहान टेबलावर बसायचा. हरला तर एका वडापावाचं नुकसान. पण हरणं त्याला वडापावापेक्षा महाग वाटायचं.

कासू स्टेशन गेलं आणि त्याला फ्लश लागला. पाचही पानं इस्पिकची, त्यात एक्का त्याचा. असा हात रोज येत नाही. मग टेबलावरचं शेवटचं पान उघडलं, तर ती दुसरी अठ्ठी निघाली. टेबलावर अशी जोडी झाली की कुणाचं तरी फुल हाऊस होऊ शकतं, आणि फुल हाऊस फ्लशच्या वर जातं. रोह्यापासून गप्प बसलेल्या एका खेळाडूने तेवढ्यात आपले सगळे चिप्स पुढे ढकलले.

सोडायला हवं, हे जितेशला कळत होतं. अंगठा फोल्डच्या बटणावर होता. पण एक्क्याचा फ्लश सोडायचा?

"अहो, पेण आलं. चला."

"तू हो पुढं. आलोच."

प्रणिता पिशवी घेऊन उतरली. दारातून चार माणसं पेंढ्यात गुंडाळलेल्या गणपतीच्या कच्च्या मूर्ती आत चढवू लागली. जितेशने मान वर केली, तेव्हा प्लॅटफॉर्म मागे सरकत होता आणि त्याच्यासोबत प्रणिताही.

त्याच वेळी नेट गेलं. तो फोन खिडकीबाहेर धरून रेंज शोधत राहिला. त्यात हमरापूर आलं आणि गेलं. रेंज आली तेव्हा ॲपने त्याचे पत्ते परस्पर टाकून दिले होते आणि गाडी जिते स्टेशनात उभी होती.

बाहेर एकच रिक्षा होती. रिक्षावाला नाथा तंबाखू मळत होता.

"आणखी दोन शिटा झाल्याबिगर हालणार नाय."

"अरे, साखरपुड्याची अंगठी हाय माझ्याकडं!"

"नवरदेव तुमीच का?"

"नाय. मी जावई."

"मग कसली घाई?" नाथाने विचारलं. सगळ्या शिटांचं भाडं कबूल केल्यावर रिक्षा हलली.

पेणला मांडवात मुहूर्त टळून गेला होता. मुलाचे वडील घड्याळाकडे आणि भटजी मुलाच्या वडिलांकडे पाहत होते. अनिताचा चेहरा उतरला होता. सासरे हैबतराव दारातच उभे होते.

"जावईबापू, कुठं होता?"

"जित्याला."

मागे कुणीतरी "जितेश जित्याला" म्हणून फिसकन हसलं. जितेश गंभीरपणे म्हणाला, "डब्याच्या दारात गणपती चढवत होते. कच्च्या मूर्ती. त्यांना ढकलून उतरू कसा?"

गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणमध्ये या बोलण्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मुलाच्या वडिलांनी हात जोडले. "बाप्पाला धक्का लावला नाही, हे मोठं काम केलंत." हैबतरावांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. भटजींनी दुसरा मुहूर्त काढला.

अंगठी ताटात ठेवायला जितेश आतल्या खोलीत गेला. मागोमाग प्रणिता आली, सासूबाई गिरजाबाई आल्या आणि हैबतरावही आले.

"मी प्लॅटफॉर्मवर तुमच्या खिडकीशीच उभी होते," प्रणिता म्हणाली. आवाज चढवला नाही.

जितेशची बाजू भक्कम होती. मूर्ती खऱ्या होत्या, चढवणारे खरे होते, बाहेर सगळा मांडव त्याच्या बाजूने होता. तरी त्याने बायकोच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि मान खाली घातली.

"पोकर खेळत होतो."

"अगो बाय! जुगार?" गिरजाबाई मटकन खाटेवर बसल्या.

हैबतरावांनी दार हळूच लोटून घेतलं. त्यांचा चेहरा फार गंभीर झाला होता.

"हातात काय होतं?"

"एक्क्याचा फ्लश."

"आणि टेबलावर?"

"शेवटच्या पानाला जोडी झाली. समोरच्यानं सगळं लावलं."

"मग सोडायचा, जावईबापू. गप बसणारा माणूस सगळं लावतो तेव्हा फुल हाऊस असतंच. तिथं एक्क्याचं काय घेऊन बसता?"

गिरजाबाई खाटेवरून उठल्या.

"तुमाला कसं ठावं?"

"पेपरात वाचलं व्हतं."

"कंच्या?"

"रविवारच्या पुरवणीत."

इतक्यात हैबतरावांच्या सदऱ्याच्या खिशात टुंग वाजलं. आपली पाळी आली की ॲप तसंच वाजतं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. जितेश भिंतीकडे पाहू लागला. गिरजाबाईंनी हात पुढे केला.

हैबतरावांनी बायकोकडे पाहून फोन काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. दोघी मायलेकी ताट घेऊन बाहेर गेल्या. मांडवात सनई सुरू झाली.

"पत्ते बरे होते का?" जितेशने हळूच विचारलं.

"लय," हैबतराव म्हणाले आणि फेटा सारखा करत पाहुण्यांकडे निघाले.