असली शेवंता

सावली गावात आमच्या शेजारच्या डोमाभाऊंच्या दुकानात देवांच्या फोटोंपेक्षा उंच एक सर्टिफिकेट टांगलेलं होतं. 'शेवंता दंतमंजन' हे नाव मुंबईला नोंदवल्याचं. सकाळी पहिली उदबत्ती त्याला, मग देवांना.

एखादं गिऱ्हाईक "शेवंती मंजन द्या" म्हणालं की भाऊ पुडी मागे ओढत. "शेवंती नाई, शेवंता! काना हाये, काना!" बरोबर वदवून घेतल्याशिवाय पुडी हातात पडत नसे.

मिळत्याजुळत्या नावांवर तर त्यांची करडी नजर. 'शिवंता'वाला, 'श्रीवंता'वाला, सगळ्यांशी भर बाजारात भांडून झालं होतं. मी मास्तर, म्हणून साक्षीला मला नेत. माझ्या शाळेतली पोरं भजी खात बघत उभी असायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा खबर आली, चामोर्शीच्या बाजारात 'शेवंताबाईचं मंजन' विकून राह्यले. चामोर्शी गडचिरोलीत, आणि तो जिल्हा तेव्हा नुकताच आमच्यापासून वेगळा झाला होता. "दुसरा जिल्हा झाला म्हून का नाव चोरायचं, गुरुजी?" फ्रेमसकट सर्टिफिकेट काखेत मारून भाऊ मला घेऊन एसटीत बसले.

"कोन हाये थे शेवंताबाई?" बाजारात शिरताच ते गरजले.

पोत्यावर बसलेल्या बाईने मान वर केली. "मीच."

त्या भाऊंच्या बायको निघाल्या. मी सावलीला बदलून येण्याआधीच त्या घर सोडून गेल्या होत्या. त्यांचं नाव मला कोणी सांगितलं नव्हतं.

"नाव... रजिस्टर हाये," भाऊ पुटपुटले.

"माह्यंच नाव! मंजन मी कुटत होती. मी दुकानात बसते म्हटलं, त बाईमानसानं गल्ल्यावर बसू नये म्हनलं तुमी. नाव तेवढं पाटीवर बसवलं. मले इचारलं का जी?"

भोवतीच्या बाया हसल्या. भाऊंनी फ्रेम उलटी करून छातीशी धरली. कुठे बघावं मलाही कळेना. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "शेवंतीबाई, एक पुडी द्या."

"शेवंती नाई, शेवंता," भाऊ सवयीने बोलून गेले आणि त्यांची मान खाली गेली.

परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "लाज वाटून राह्यली, गुरुजी."

सर्टिफिकेट पुन्हा भिंतीवर चढलं नाही. भाऊ मंजन मात्र विकत राहिले. "असली हाये ना, भाऊ?" असं कोणी विचारलं की पुडी बांधता बांधता, वर न बघता सांगत, "नाई जी. असली चामोर्शीले भेटते."