खंडेनवमीला धुतलेला कॉम्प्युटर

माझा धाकटा दीर परशराम कारखान्यातून आला की हातपाय धुऊन टेपरेकॉर्डर लावायचा, आणि त्यातून गाणं नाही, मांजराची शेपूट दारात सापडावी तशी किंकाळी यायची. चांगली पाच मिनिटं. शेजारच्या कोंबड्या परड्यात पळायच्या. हा मात्र मान हलवत ऐकायचा आणि म्हणायचा, "आत प्रोग्राम चाललाय वैनी, गप बसा जरा." माझ्याच घरात, मलाच.

ती किंकाळी त्याच्या कॉम्प्युटरची होती, टेपवरचा प्रोग्राम त्यात जाताना तसा आवाज यायचा. ऐंशीनंतरची गोष्ट. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळुरात तेव्हा टीव्हीच मोजके, आणि ह्यानं आखातातून आलेल्या मित्राकडून हे घेतलेलं. शाळेच्या पाटीएवढं, काळं, रबरी बटणांचं. ते टीव्हीला जोडलं की टीव्ही ह्याचा. रविवारी आळीतल्या बायका सिनेमा बघायला येऊन बसल्या, तर पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडं पळतोय. "ह्यो बॉल हाय," परशराम सांगतोय. बायका उठून गेल्या. नाव माझं खराब झालं.

कुणी बोललं की त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "माणूस खोटं बोलतंय, मशीन बोलत न्हाय." आमटी खारट झाली नाही असं मी म्हटलं तरी हेच.

त्याची बायको सुशीला दोन वर्षांआधी काविळीनं गेली होती. पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून तो आमच्यात जेवायचा, म्हणून मी ती किंकाळी सोसली.

मग खंडेनवमी आली. विळे, खुरपी, कोयते, नांगराचा फाळ, सगळी हत्यारं त्या दिवशी घासून धुऊन मांडायची आणि हळदकुंकू लावायचं, ही आमची रीत. परशरामनं आदल्या दिवशी त्याच रांगेत कॉम्प्युटर आणून ठेवला. "माझं बी हत्यारच हाय," म्हणाला आणि सकाळी कारखान्याच्या पूजेला निघून गेला. मी रांगेतलं सगळं धुतलं. लोखंडाला राख लावली. रबराला राख नको म्हणून त्याला साबण लावला. एवढी काळजी कोण घेतं? उन्हात वाळवलासुद्धा.

त्यानं येऊन वायर जोडली. थोडा धूर आला, आणि संपलं.

"वैनी, ह्येला पाणी कुणी लावलं?"

"रांगेत कुणी ठेवलं?"

"पूजेला ठेवलेला. धुवायला न्हाय."

"मग काय, घाणीवर कुंकू लावायचं व्हय?"

त्या दिवसापासून तो माझ्याकडं जेवायचा बंद झाला. उंबऱ्यातूनच सांगायचा, "जेवून आलोय." बेळगावात खानावळ धरली म्हणे. पण सदरे मी धुते. खिशात रोज चिरमुरे आणि शेंगांची टरफलं. कुठल्या खानावळीत चिरमुरे वाढतात? त्याच्या वाटणीची भाकरी म्हैस खात होती आणि माझं डोकं फिरत होतं. एका रबरी पाटीपायी हा माणूस उपाशी राहून मला शिक्षा देतोय.

सहा महिन्यांनी त्याच मित्राकडून दुसरा कॉम्प्युटर आला. म्हटलं, चला, आता राग जाईल, पाटावर बसेल. कुठलं काय. "जेवून आलोय."

एका संध्याकाळी माझी मुलगी वैजू त्याच्या पाठीमागं उभी होती. ती हायस्कुलात होती. मी मराठी चौथी शिकलेली, मला इंग्रजी अक्षर येत नाही. तिनं मला हळूच बोलावलं. "आई, काका रोज ह्येच करत्यात बघ." पडद्यावरची अक्षरं इंग्रजी होती, बोलणं आमचं होतं. तिनं वाचून दाखवलं. "आलासा? जेवलासा का?"

सुशीला दारात उभी राहून रोज हेच विचारायची. दोन प्रश्नांच्या मधे श्वासही घेत नसे.

परशरामनं बटणं दाबली. पडद्यावर उमटलं, व्हय. त्याच्याखाली आपोआप आलं, मग पडा जरा. तिचं बोलणं ह्यानं त्यात भरून ठेवलेलं.

मला आधी संताप आला. घरात मी, माझा नवरा, वैजू अशी तीन जिती माणसं असताना ह्यानं विचारायला हा काळा डबा आणून ठेवला. मग ध्यानात आलं, दोन वर्षं मी ताट वाढलं, पण विचारलं कधीच नाही. वाढलेलं ताट दिसतंय, विचारायचं काय त्यात, असा माझा हिशेब.

मी जाऊन टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिले.

"भाऊजी, जेवलासा का?"

"व्हय."

"खिसा दाखवा."

त्यानं कोपरानं खिसा झाकला.

"मशीन खोटं बोलत न्हाय म्हणतासा. आणि त्याला रोज खोटं सांगतंय कोण?"

त्यानं बटणांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "न्हाय जेवलो, वैनी."

मी तवा ठेवायला आत गेले. तेव्हापासून मी रोज विचारत आले, आणि सदरे धुताना खिसेही बघत आले. माणूस आहे, मशीन नव्हे.