वास नको, श्वास पायजे

रणपिसे मामा बरणी विकत घेण्याआधी तिच्यात डोकं घालत. दौंडच्या आठवडे बाजारात बरण्या मांडून बसलेल्या बाईसमोर ते उकिडवे बसत, टोपी काढून मांडीवर ठेवत, आणि नाक, तोंड, मावेल तेवढं कपाळ बरणीत घालून दीर्घ श्वास घेत. मग आतूनच घुमल्यासारखा निकाल येई, "हिच्यात कवातरी लोणचं व्हतं."

"अवो, कोरी हाय बरणी!" बाई ओरडे.

"मग शेजारी लोणचं व्हतं."

रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांची आणि आमची भिंत एक. मी पार्सल ऑफिसात कारकून, ते मालगाडीचे गार्ड. मूळचे केंदूरचे, आधी पलटणीत, मग रेल्वेत. या धावपळीत लग्न राहूनच गेलं. पलटण कालिंपाँगला असताना तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी दुकानदाराशी त्यांची दोस्ती जमली होती. निघताना त्यानं चहाची वडी दिली. भाकरीएवढी, दिसायला थेट गोवरी, कागदात गुंडाळलेली. हा चहा जितका मुरेल तितका चांगला, फक्त भांडं पारखून घे, असं त्यानं बजावलं होतं. पुढं बासष्ट साली त्याच देशाच्या गोळ्या मामांच्या डोक्यावरून गेल्या. वडी मात्र ट्रंकेत सुखरूप राहिली. कॉलनीत कुणी 'चिन्यांचा माल' म्हणून टोमणा मारला तर मामा म्हणत, "गोळ्या मी खाल्ल्या. चहानं काय केलंय तुमचं?"

तर, भांडं. पत्र्याच्या डब्यात चहा गुदमरतो. काचेत त्याला उजेड लागतो. लाकडी पेटीला रंधा मारला की लाकूड वास सोडतं. शेवटी माझी बायको वैतागून म्हणाली, "मामा, चिनी चहा आहे, चिनी मातीच्या बरणीत ठेवा. अजून काय पाहिजे?"

"तिला झिलई असती, सूनबाई. आतल्याला वारा कुठनं लागायचा? वास नको, श्वास पायजे."

हे वाक्य त्यांना सगळीकडे पुरे. नव्या क्वार्टर्सना, लग्नाच्या मांडवाला, स्टेशनमास्तरांच्या स्वभावालासुद्धा.

अखेर केंदूरच्या कुंभाराकडून त्यांनी बिनझिलईची, झाकणाची बरणी करून घेतली आणि एस.टी.तून मांडीवर बसवून आणली. सगळी कॉलनी कोऱ्या मातीच्या वासानं खूश. मामा नाराज. "मातीचा वास मारतोय!" पुढं वर्षभर ती बरणी खिडकीत तोंड उघडून रिकामी बसली होती. वडी आत गेली तेव्हा मामांनी दाढी केली होती.

त्या सुमारास पुण्याहून दातांचा एक चिनी डॉक्टर दर मंगळवारी दौंडात येऊ लागला. दाढ काढून घ्यायला गेलो तेव्हा मी त्याला मामांच्या चहाबद्दल सांगितलं. मामांना हे कळल्यावर त्यांनी शर्टला इस्त्री केली आणि डॉक्टरला घरी बोलावलं. आम्हा दोघांनाही बोलावलं. पहिल्यांदाच वडीचा कोपरा मोडला. बिनदुधाचा, तांबूस-काळा चहा कपात आला. मामा श्वास रोखून बसले.

डॉक्टरनं एक घोट घेतला. मग अदबीनं विचारलं, "जरा दूध-साखर मिळेल का?"

बायकोनं पदर तोंडात कोंबला. मामांनी उठून स्वतः साखरेचा डबा आणला.

"रागावू नका हं," डॉक्टर ओशाळून म्हणाला. "माझा जन्म पुण्याच्या कॅम्पातला. आई पिते असला चहा. पण लढाईपासून तिकडचा माल येतोय कुठं? बाजारातला पिते आणि रोज नावं ठेवते."

"नावं ठेवती?" मामा एकदम पुढं सरकले.

"रोज!"

मामा उठले. पलटणीतलं कांबळं काढलं, आधी त्याचा वास घेतला, मग त्यात ती बरणी गुंडाळून, वडीसकट, डॉक्टरच्या हातात ठेवली. नको-नको म्हणायची सोयच ठेवली नाही.

तो गेल्यावर मी म्हणालो, "मामा, सगळाच दिलात?"

"मग काय करू? एकल्यानं पिऊन सांगू कुणाला, कसा झालाय त्ये?"

पुढच्या मंगळवारी डॉक्टर आईचा निरोप घेऊन आला. सांगताना तो जरा चाचरत होता. "ती म्हणाली, भांडं बरोबर आहे. पण घाई केलीत. अजून काही वर्षं हात लावायला नको होता."

मला वाटलं, आता मामा आठ दिवस जेवणार नाहीत. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला की डॉक्टरही बघत राहिला. "काय म्हनली? घाई केली? पुन्यांदा सांगा बरं!"

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मामा पॅसेंजरनं पुण्याला जाऊ लागले. एकदा मीही बरोबर गेलो. डॉक्टरच्या म्हाताऱ्या आईला मराठी येत नव्हती, हिंदी भाजी घेण्यापुरती. मामांना तिची भाषा कुठून येणार? तिनं चिमुकल्या कपांत चहा ओतला. मामांनी डोळे मिटून घोट घेतला आणि बोटांनी 'थोडा कडक' असं काहीतरी खुणावलं. म्हातारीनं कपाळाला आठ्या घातल्या, परत ओतला. मामांनी मान हलवली. तिनंही हलवली. दुपार अशी गेली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. त्या दोघांपैकी कुणीही एकदासुद्धा तिकडं बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी टेकून बसले होते. उरुळी गेल्यावर म्हणाले, "आज लई बोलणं झालं."