ग्रहणातले आलूबोंडे

"मी करून देते न घरीच पोहे. त्या भैयालालच्या मागे काहून लागता तुम्ही?" राधाबाई म्हणाल्या.

"तुला नाही समजत, राधा. आपण तर तसेही ग्रहण पाळत नाही. आपल्या घरचं खाल्लं तर लोक म्हणतील, इनका क्या है! घमापुरच्या हलवायानं ग्रहणात भट्टी पेटवली पाहिजे, तेव्हा काही सिद्ध होते."

अंबादास गजभिये यांनी बायकोचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण फॅक्टरीतला हा फिटर महाकोशल विज्ञान मंडळाचा सचिवही होता, आणि सचिव माणसं घरी कुणाचं ऐकत नाहीत. मंडळ तसं बेताचंच. लोकांना भेडाघाटला नेऊन संगमरवर कसा बनला ते सांगायचं, आणि लोक तेवढ्यात नावेत जाऊन बसायचे. गच्चीवर मंडळाच्या दुर्बिणीतून शनीची कडी मात्र सगळे पाहायचे. आता पंच्याण्णवच्या दिवाळीला लागूनच सूर्यग्रहण आलं, तर अंबादासनी बेत केला की ऐन ग्रहणात, भर चौकात, सगळ्यांसमोर नाश्ता करायचा.

खरं सांगायचं तर विज्ञानापेक्षा त्यांच्या मनात विनीता होती. भैयालाल हलवायाची सून, शेजारचीच, सातवा महिना लागलेला. सासूनं फर्मान काढलं होतं की सूतक, म्हणजे आदल्या संध्याकाळचे ग्रहणाचे वेध, लागल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत बहूनं अन्न-पाणी घ्यायचं नाही, चादर घेऊन सरळ पडून राहायचं.

"काका, मुझे तो भूख में चक्कर आते हैं," ती रडवेली होऊन म्हणाली होती.

"घाबरू नको बेटा. ग्रहण में खाने से कुछ नहीं होता. पूरा मोहल्ला देखेगा. देखना, तेरी सास खुद थाली लेकर आएगी."

भैयालालनंही शब्द दिला. "भाईसाब, आपकी बात टालूँगा? गरम-गरम आलूबोंडे मिलेंगे."

सकाळी ग्रहण लागलं. चौकात मंडळाची माणसं काळे चष्मे लावून उभी होती, आणि बंद खिडक्यांच्या फटींतून अख्खं घमापुर त्यांच्याकडे पाहत होतं. भैयालालनं मान खाली घालून पत्र्याचा डबा आणून ठेवला. बोंडे होते बरं का गरम! अध्यक्ष नारायणराव, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि खाण्यात अजून कामावर असलेले, त्यांनी भाषणाआधीच बरेच आत टाकले.

"थोडं आंबट लागून राहिलं, गजभिये."

"आमचूर असेल न, साहेब."

ग्रहण सुटायला अजून वेळ होता. नारायणराव अंधश्रद्धेवर रंगात येऊन बोलत होते. एकाएकी थांबले, पोटावर हात ठेवला आणि टोपी सांभाळत अंबादासच्या घराकडे पळाले. पाठोपाठ खजिनदार. मग बाकीचे. चौकाजवळ संडास तेवढा एक, अंबादासच्या घरचा, आणि अंबादास स्वतः सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसलेले!

"गजभिये, लवकर निघा हो! मी तुमचा अध्यक्ष आहो!" बाहेरून नारायणराव दार बडवत होते.

खिडक्या आता सताड उघडल्या होत्या. "देख लो! ग्रहण में खाने का फल देख लो!"

दुपारी, जरा उभं राहता आलं तेव्हा, अंबादासनी भैयालालला गाठलं. तो हात जोडून म्हणाला, "भाईसाब, घरवाली ने भट्टी जलाने ही नहीं दी. कल सूतक लगने से पहले तल लिए थे, डिब्बा भट्टी की गरम राख में दबा दिया था. पर कसम से, तुलसी का पत्ता डाला था!"

रात्रभर बंद डब्यात उबलेला बटाटा आंबणारच, सूर्याचा त्यात काय दोष? अंबादासनी दारोदार जाऊन समजावलं. कोण ऐकतो! गोष्ट पार दूरच्या कुंडम गावापर्यंत पोचली तेव्हा तिच्यात दुर्बीण फुटली होती आणि नारायणराव आंधळे झाले होते. आधी ग्रहणाकडे लक्ष न देणारेसुद्धा आता पुढच्या ग्रहणाची तारीख विचारू लागले. शनी पाहायला गच्चीवर कुणी येईना. मंडळ बसलं ते बसलंच.

पण अंबादासना खरं दुःख त्या पोरीचं होतं. आपण मोठ्या तोंडानं शब्द दिला, आणि तिच्या सासूच्या हातात आयतं कोलीत दिलं. बिचारी चादरीखाली कशी तळमळली असेल! त्या आठवणीनं त्यांना घास जाईना. विनीता दारात दिसली की ते मागच्या गल्लीनं जायचे.

जानेवारीत तिला मुलगी झाली. राधाबाईंनी नवऱ्याला ओढतच बाळ पाहायला नेलं. बाळ गुबगुबीत होतं. सासू म्हणाली, "उस दिन बहू ने एक दाना मुँह में नहीं डाला, भाईसाब. उसी का फल है." आणि लाडू आणायला आत गेली. राधाबाई बाळ घेऊन उन्हात गेल्या.

अंबादासना राहवेना. "माफ करना, बेटा. मेरे कारण तू भूखी रही."

विनीतानं दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "भूखी कौन रही, काका? चादर के अंदर गुड़-मुरमुरा था, केले थे. आपने कहा था न, कुछ नहीं होता? ग्रहण लगते ही, आप लोगों का भाषण शुरू होने के पहले मैंने सब खा लिया."

अंबादास ताडकन उठले. "अरे, मग हेच तर! हे तर चौकात सांगितलं पाहिजे!"

"नहीं काका, आपके पाँव पड़ती हूँ! अम्मा मुझे मायके भेज देंगी."

तेवढ्यात सासू ताटली घेऊन आली. "अब तो मानोगे न ग्रहण को, भाईसाब?"

अंबादासनी विनीताकडे पाहिलं. ती डोळे मोठे करून त्यांच्याकडेच पाहत होती.

"मानना पड़ेगा, भाभीजी," ते म्हणाले, आणि मंडळाच्या एकुलत्या एक यशस्वी प्रयोगाचा निकाल त्यांनी लाडवाबरोबर गिळून टाकला.